तिसरी हाक

भाऊ बसून जेवत नसत. लग्नाच्या पंगतीत सगळे मांडी घालून बसलेले असायचे आणि हा माणूस मांडवाच्या खांबाला पाठ टेकवून, पत्रावळ तळहातावर घेऊन उभा. नवरीचा बाप हात जोडून म्हणायचा, "भाऊ, बसा ना बावा." भाऊ म्हणायचे, "तुमी बसा. मी पाहून राह्यलो." काय पाहून राह्यले, ते कुणी विचारत नसे. आमच्या भागात ते विचारावं लागत नाही.

मी त्यांच्याबरोबर चार हंगाम काम केलं. सिंदेवाहीत आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. जंगलात वाघ वाढले, माणसं तर तिथेच होती, आणि दोघांची गाठ पडू नये म्हणून जे काय करता येईल ते आम्ही करत होतो. मी समन्वयक. आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझ्या पदवीचा कागद माझ्या बापाने भिंतीवर घड्याळाच्या बाजूला लावला होता आणि पाहुणा आला की आधी पाणी, मग तो कागद, असा क्रम होता. हे मी आजही अभिमानाने सांगते. तेव्हा जरा जास्तच सांगत असे.

भाऊ चौथी पास. पोंभुर्ण्याकडचे, पूर्वी बांबू तोडायला जायचे. ऑफिसच्या कागदावर ते 'मजूर' होते, पण काम विचारलं की सांगायचे, "हाका मारतो."

वाघाला ते वाघ म्हणत नसत. 'तो' म्हणत. कोणत्याही दारातून आत येण्याआधी दोनदा खाकरत, बँकेत शिरतानासुद्धा. एकटे चालत असले तरी मोठ्याने बोलत: काल एसटी किती उशिरा आली, कुणाच्या पोरीचं कुठे जमलं, वांग्यात काय घातलं. लोक त्यांना अर्धवट समजत. आणि त्यांची टोपी. टोपीच्या मागच्या बाजूला त्यांनी डांबराने दोन डोळे काढले होते. ऑफिसात ते पाठमोरे उभे राहिले की ते डोळे माझ्याकडे बघत. पहिले काही दिवस मी खुर्ची सरकवून बसत असे.

"भाऊ, ही टोपी ऑफिसात तरी काढत जा," मी एकदा म्हटलं.

"काऊन? भेव लागते का म्याडम?"

"हो."

"मंग काम करून राह्यली टोपी," ते म्हणाले.

त्यांचं खरं काम मोहफुलाच्या दिवसांत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. मार्च सरता सरता मोह टपकायला लागतो. फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून बाया उजाडायच्या आधीच टोपल्या घेऊन निघतात. प्रत्येकीचं झाड ठरलेलं. माझ्या मायचं झाड नाल्याच्या अलीकडे, तिच्या सासूपासूनचं. झाडाखाली बाई उकिडवी बसते आणि मान खाली घालून एकेक फूल उचलते. तासभर, दोन तास. आणि तोच तास त्याचाही फिरायचा असतो.

"उभा मानूस त्याले मानूस दिसते," भाऊ बायांना सांगायचे. "वाकला का जनावर दिसते. त्याची बी चूक नाई."

म्हणून हाका. भाऊ मधल्या उंचवट्यावर उभे राहून एकेका बाईचं नाव घेत. तिने उभं राहून "हाव!" म्हणायचं. कौसल्या? हाव! निर्मला? हाव! सगळी नावं संपली की जरा वेळाने पुन्हा पहिल्यापासून. एखादीचं उत्तर आलं नाही तर दुसरी हाक. नाहीच आलं तर तिसरी. तिसऱ्या हाकेलाही उत्तर नाही, तर सगळ्यांनी टोपल्या जागेवर टाकायच्या, उभ्यानेच एकत्र जमायचं आणि ताटल्या वाजवत त्या बाईच्या झाडाकडे जायचं. कुणी म्हणायचं नाही की 'ऐकू आलं नसंन'. कुणी म्हणायचं नाही की 'घरी गेली असंन'.

ती पहाट मी शब्दांत नीट मांडू शकत नाही. अंधार फिका होत असतो, मोहाचा गोडसर वास डोक्यात चढतो, आणि एक नाव उच्चारलं गेल्यावर उत्तर येईपर्यंतचा तो एवढासा वेळ. भाऊंनी मायचं नाव घेतलं की मी श्वास धरायची. "हाव!" आलं की सोडायची. चार हंगाम असेच काढले.

माझी माय रुसकी. रागावली की बोलत नाही. दोन दोन दिवस नाही. पहिल्याच वर्षी तिचं माझ्याशी बिनसलं आणि सकाळी तिने हाकेला उत्तर दिलं नाही. पहिली हाक, दुसरी, तिसरी. टोपल्या पडल्या. ताटल्या वाजवत आम्ही सगळे गेलो. नाल्यापाशी पोचलो तर माय आरामात फुलं वेचते आहे.

"काऊन आल्या वं साऱ्या?" ती म्हणाली. "मी काय मेली का?"

बाया भडकल्या. एकीने तिची टोपलीच उचलून आपटली. मी तर रडायच्या बेतात होते. आणि भाऊ हसत होते. कमरेवर हात ठेवून, आभाळाकडे तोंड करून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हाय!" ते म्हणाले, "हाय ना वं तू! बस." मूर्ख ठरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यादी त्यांच्या तोंडात होती. मी ती संगणकावर टाईप केली, कारण मी पदवीधर. लिहिताना लक्षात आलं की शेवटचं नाव ते 'शेवंता' घेतात, आणि त्या नावाची बाई आमच्या बायांत नाही. ते नाव ते एकदाच घेत. दुसरी हाक नाही, तिसरी नाही. थोडं थांबत आणि मग म्हणत, "चला." बायांना विचारलं तर त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. जुनी चूक राहिली असेल, असं समजून मी लाल पेनने ते नाव खोडलं.

"भाऊ, ही बाई यादीत नाही."

"हाव म्याडम," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाव घेतलं.

तिसऱ्या वर्षी संस्थेत नवे सर आले, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खांबावर बसवायचा भोंगा आणला. कॅमेऱ्यात हालचाल दिसली की तो आपोआप वाजणार. तो झोपत नाही, आजारी पडत नाही, टोपी घालत नाही. हंगाम तोंडावर आला होता. नागपूरच्या बैठकीच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला, "त्या हाकवाल्यांनाही घेऊन या. बैठक झाली की जेवायला जाऊ. जेवताजेवता बघू, त्यांना ठेवायचं की या वर्षीपासून थांबवायचं. तुमचं मतही सांगा. आणि हो, तुमच्या नेमणुकीचंही तेव्हाच बोलू."

माझी नेमणूक मार्चपर्यंतच होती. रात्रभर मी दोन्ही वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघत होते.

बसमध्ये मी भाऊंना शिकवत गेले. टोपी पिशवीत ठेवा. ओरडू नका. खाकरू नका. सर सांगतील तिथे बसा.

"बसा?" भाऊंनी विचारलं.

"आजच्या दिवस, भाऊ. माझ्यासाठी."

त्यांनी टोपी काढून पिशवीत ठेवली. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

बैठक झाल्यावर सर आम्हाला जपानी जेवणाच्या हॉटेलात घेऊन गेले. "साधीच जागा आहे, टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. मोबाईलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. दारात लाल कागदी कंदील. आत पाऊल टाकलं आणि स्वयंपाकघरातून चार-पाच जण एका सुरात काहीतरी ओरडले. मी दचकले. भाऊंचा हात आधी कमरेकडे गेला, जिथे जंगलात त्यांची काठी असे, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"ग्राहक आला की असं स्वागत करतात," सर म्हणाले. "तिकडची पद्धत आहे."

"हाका मारतात इथी!" भाऊ मला म्हणाले. "शिकलेले लोक दिसतेत."

खरंच, तिथे एकजण ऑर्डर ओरडायचा आणि आतले सगळे 'हाय!' म्हणून उत्तर द्यायचे. भाऊ दर वेळी मान डोलवत. मला वाटलं, निभावेल.

पण मग बसायची जागा दिसली. लाकडी ओटा, त्यावर चटया, वीतभर उंचीचं टेबल. चपला काढून खाली मांडी घालून बसायचं. पाठ येण्याजाण्याच्या वाटेकडे, आणि समोर स्वयंपाकघराचं दार, त्याला वरून अर्धाच पडदा. आतल्या लोकांचे नुसते पाय दिसत. पाय यायचे, थांबायचे, जायचे.

भाऊ उभेच राहिले. सरांनी वर पाहिलं. मी भाऊंकडे पाहिलं. ते बसले. एक गुडघा वर ठेवून, जसा माणूस कोणत्याही क्षणी उठणार असतो, तसे.

जेवण आलं. लाकडी ट्रेमध्ये वाटीभर भात, तळलेलं चिकन, लोणच्यासारखं काहीतरी आणि मातकट रंगाचं गरम पाणी, त्यात हिरव्या चिंध्या तरंगत होत्या. भाऊंनी भाताचं शीत चिमटीत धरून बघितलं. धानाच्या मुलखातला माणूस.

"चिकट हाय."

"मुद्दाम तसाच करतात," सर म्हणाले. "काड्यांनी उचलता यावा म्हणून."

भाऊंनी काड्या उचलल्या, एकमेकींवर वाजवल्या, कानाशी नेल्या. "बांबू हाय. पन कोवळा तोडला. घाई केली कोनंतरी."

सर हसले. चांगले हसले. मीही हसले. वेटर वाकून पाण्याचे पेले ठेवायला लागला, तो गोंदियाकडचा पोरगा निघाला. भाऊ त्याला हळूच म्हणाले, "इतका वाकू नको बावा, वाटेकडे पाठ करून." त्याला काही कळलं नाही. सरांना कळलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे नेहमी असंच?"

आणि मी काय म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हणाले, "थोडे तसे आहेत सर. वय झालं."

भाऊंनी ऐकलं. ते भाताकडे बघत होते.

मी उठले. हात धुवायला जाते म्हणाले, पण खरं तर तोंड लपवायला गेले. बाथरूमचं दार आतून लावलं, नळ सोडला आणि आरशात बघत उभी राहिले.

तेवढ्यात हाक आली. "म्याडम!"

स्वयंपाकघरातून चार-पाच आवाज एकदम आले, "हाय!" बाहेर लोक हसले. मी गप्प राहिले. भर हॉटेलात, सरांसमोर, बाथरूममधून मी 'हाव' म्हणून ओरडू? मी पदवीधर.

"म्याडम!" दुसरी. आवाज जरा वर चढलेला. स्वयंपाकघर या वेळी गप्प होतं.

मी नळ बंद केला. ओठ दाबून धरले.

मग काही नाही. तो एवढासा वेळ. मला तो ओळखीचा होता, फक्त आजवर मी त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी असायची.

"म्याडम!!!"

ही तिसरी हाक मी जंगलातही तशी ऐकली नव्हती. त्यात माणसाचा आवाज कमी होता. नंतर भांडी पडल्याचा आवाज, मग लाकडावर लाकूड, खाडखाड खाडखाड. भाऊ ट्रे उलटा करून त्यावर काड्या बडवत येत होते. "उठा! उभे व्हा सारे! या माह्या मांगं!" कुणाची तरी बायको किंचाळली. दार हादरलं. मी कडी काढली.

समोर भाऊ. अनवाणी. छातीवर सांडलेलं ते मातकट पाणी. चेहरा राखेसारखा. त्यांच्या मागे वेटर, दोन आचारी आणि जेवण सोडून खरोखरच उभे राहिलेले सात-आठ लोक, का उभे राहिलो ते न कळलेले.

भाऊंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. आणि हसायला लागले. आभाळाकडे तोंड करून, जसे नाल्यापाशी हसले होते तसे. "हाय!" ते म्हणाले. "हाय ना!"

मालकाची माफी सरांनी मागितली. मी चपलांच्या कप्प्याशी आले तर भाऊ तिथे भिंतीला पाठ लावून उभे होते. पायात चप्पल जात नव्हती. मी खाली वाकून ती सरळ करून दिली.

"भाऊ, मी ऐकलं होतं," मी म्हटलं. "रागावले नव्हते. लाज वाटली."

"मले वाटलं, रुसल्या असान. मीच बोलनं लावलं त्या वाढनाऱ्या पोराले, तुमाले कमीपना आला." त्यांनी दुसरी चप्पल पायाने पुढे ओढली. "रुसल्या असान असं वाटलं, म्हून तं आलो."

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं, चप्पल घालता घालता, काल एसटी उशिरा आली हे सांगावं तशा आवाजात.

"शेवंता माही बायको. आदल्या रोजी भाजीत मीठ जास्त पडलं म्हून मी ताट सारलं. सकाळी मोहा वेचाले गेलो तं ती बोले ना. झाडं दोघाचे थोडे दूर होते. मी हाक देली. नाई बोलली. दुसरी देली. नाई बोलली. म्हनलं रुसली, राहू दे. तिसरी देली नाई. अन् वेचत बसलो."

ते 'बसलो' शब्दापाशी थांबले.

"तिची एक हाक बाकी हाय माह्याकडं," ते म्हणाले. "थे मी रोज देतो."

लाल पेन माझ्या पर्समध्ये होतं. मला त्या पेनची भीती वाटली.

सर खाली जिन्यात थांबले होते. कपाळाला आठ्या. "बघितलंत ना तुम्ही? हे आपण गावात ठेवायचं? बायका घाबरून मरतील. मला तुमचं मत एका वाक्यात द्या."

एका वाक्यात मला येत नव्हतं. मार्च, नेमणूक, भिंतीवरचा कागद, सगळं एकदम समोर आलं. तरी बोलले. "सर, वरती मी जे बोलले ते खोटं होतं. मी आत होते, दाराला कडी होती, मी धडधाकट होते, आणि मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. तुमच्या भोंग्याला वाघ हलला तर कळेल. माझी माय रुसून बसली आणि वाघ हललाच नसेल, तर तिला बघायला तुमचा भोंगा जाणार आहे का? भाऊ जातील. दर वेळी जातील, आणि दर वेळी मूर्ख ठरतील. त्यांना मूर्ख ठरायचंच आहे, सर. त्याचसाठी ठेवा त्यांना. आणि त्यांना काढणार असाल तर माझ्या नेमणुकीचं आज बोलू नका."

सरांनी वर हॉटेलच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "भोंगाही लागेल आणि हेही राहतील. या वर्षीपुरतं." आणि जिना उतरून गेले. मी कठडा धरून तिथेच उभी राहिले. वरून खाकरल्याचा आवाज आला, दोनदा. भाऊ जिन्याच्या वळणावरून उतरत होते. डोक्यावर टोपी होती.

'या वर्षीपुरतं' असं करत आणखी एक हंगाम गेला. गेल्या पावसाळ्यात भाऊंना ताप भरला. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांना पहिल्यांदाच आडवं पाहिलं, एका कुशीवर. डोळे मिटलेले होते. "दार कुन्या बाजूले हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या पाठीमागे. पण तिथे मी बसले आहे."

"बसू नका," ते म्हणाले.

मी उभी राहिले. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उभी होते. ते त्याच कुशीवर गेले.

यंदा उंचवट्यावर मी उभी राहते. भोंगा आहे, तोही वाजतो, पण बाया त्याला उत्तर देत नाहीत. पहिल्या सकाळी मायशी माझं वाजलेलंच होतं. तिचं नाव घेताना माझा आवाज फाटला. ती पहिल्याच हाकेला उभी राहिली. "हाव!" आणि वर म्हणाली, "भेऊ नको वं."

नवी यादी मी हाताने लिहिली आहे. शेवटचं नाव घेतलं, एकदाच. "शेवंता!" मोह टपटपत होता. मी थोडी थांबले आणि "चला" म्हणाले.

एकही बाई हलली नाही. सगळ्या आपापल्या झाडाखाली सरळ उभ्या, तोंडं माझ्याकडे, कशाची तरी वाट बघत.

मग माझ्या लक्षात आलं. मी हात तोंडाशी नेले आणि हाक मारली, "भाऊ!" दुसरी मारली. आणि मग तिसरी.